शुक्रवारचं इतिवृत्त

रुवीत, शिंप्याच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्याला
फिलोमिना तुस्कानोच्या हॉलमध्ये आम्ही जमतो.
शुक्रवारी तीन ते पाच. नवरे जेवून झोपलेले असतात.
दारावर पाटी नाही.
वॉचमनला सांगून ठेवलंय, केकचा क्लास आहे;
म्हणून दर वेळी एक केक करावाच लागतो
आणि जाताना तो वॉचमनला द्यावा लागतो.

इतिवृत्त मी लिहिते. अक्षर बरं आहे म्हणून.
वही आधी हिशेबाची होती,
पहिल्या चार पानांवर अजून दुधाचे बैसे आहेत.

मार्चमध्ये दातांचे डॉक्टर आले, हाडांवर बोलले.
एप्रिलमध्ये बँकेतला एक जण:
स्वतःचं खातं काढणं किती सोपं, म्हणाला,
फक्त येताना मिस्टरांना घेऊन या.
कुंदा तांडेल इतकी हसली की तिला गॅलरीत न्यावं लागलं.
मेमध्ये पुण्याहून लेकीकडे आलेल्या एक बाई.
'आत्मभान' हा शब्द त्यांनी एकोणीस वेळा वापरला
(समासात रेघा आहेत)
आणि नारळ मिळाला नाही म्हणून
आम्ही त्यांना खजुराचा डबा दिला.

काल बुथैना आल्या. वकील. निझवाच्या.
त्या अरबीत बोलणार आणि ते मराठीत आणणार हलीमा परकार,
एकवीस वर्षं एका अरबी घरात स्वयंपाकाला होती ती.
हलीमाची अरबी चुलीपाशी शिकलेली.
तिच्या तोंडून कायदा येतो तो
मीठ, विस्तव, झाकण असल्या शब्दांतून.

बुथैनांचं एक वाक्य झालं की हलीमाची सात.
"बाई बोलतात, कागद तुजा तो तुजाच.
माज्या मालकिणीनं माजा जवाज तांदळाच्या पिंपात ठेवलेला,
हे बाई नाय बोलत, हे मी बोलते."
बुथैनांनी विचारलं, इतका वेळ काय सांगत होतीस?
"तुमचंच. जरा पाणी घातलं."

मग बुथैनांनी एक प्रश्न विचारला.
तो मात्र हलीमाने एकाच वाक्यात आणला:
"कोणाकोणाचा पासपोर्ट आज आपल्या हाताशी हाय? हात वर करा."

एसी घरघरत होता.
खिडकीबाहेर ते उघडे तपकिरी डोंगर, नेहमीसारखे.
फिलोमिनाचा हात वर. नर्स आहे, सगळं पर्समध्ये घेऊन हिंडते.
कुंदाचा अर्धा. म्हणजे कपाट माहीत आहे.
शर्वरी गावकरचा वर गेला,
केसांची क्लिप नीट केली आणि खाली आला.
कोपऱ्यातल्या नव्या मुलीने विचारलं,
कंपनीकडे असेल तर धरायचा का?
कोणी उत्तर दिलं नाही. ओव्हनकडेही कोणी उठलं नाही.

मी मोजले. हजेरी चौदा. हात पाच,
कुंदाचा धरला तर साडेपाच.
लिहिलं.
माझा उजवा हात लिहीत होता,
डावा वहीवर दाबलेला, पान उडू नये म्हणून.
माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.
लिहिणारीला कोण मोजतं.

हलीमाने पाहिलं.
बोलली काहीच नाही,
तिच्याकडे आणायला वाक्य नव्हतं.

आभार कुंदाने मानले. पुढची सभा महिन्याने, वक्ता ठरायचा आहे.
निघताना चपला घालता घालता मी वही पुन्हा उघडली,
चौदाचे पंधरा केले, शेजारी सही केली.
हातांचा आकडा तसाच ठेवला.
किल्ली त्यांच्या पँटच्या खिशात असते, पँट दारामागे,
हे वहीत लिहिलेलं नाही.

खाली वॉचमनने डबा उघडला, वास घेतला.
आज करपलाय, म्हणाला.
आज काय नवीन शिकत होता?